दुबईत जन्मलेल्या बाळाचा भारतीय पासपोर्ट कसा काढावा

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीय दाम्पत्याला तेथे मूल झाले, तर केवळ त्या भूमीवर जन्म झाला म्हणून मुलाला तेथील नागरिकत्व मिळत नाही. बाळ जन्मते तेव्हा त्याच्याजवळ प्रवासाचा किंवा वास्तव्याचा कोणताही परवाना नसतो आणि निवासी व्हिसा, एमिरेट्स आयडी म्हणजे तेथील ओळखपत्र, स्वतंत्र आरोग्य विमा या साऱ्या गोष्टी त्याच्या भारतीय पासपोर्टवर अडून राहतात. शिवाय जन्मतारखेपासून १२० दिवसांच्या आत बाळाचा निवासी व्हिसा करून घ्यावा लागतो. ती मुदत उलटली की दिवसागणिक दंड चढत जातो आणि तो भरल्याशिवाय बाळाला देशाबाहेर नेता येत नाही. चार महिने पुरेसे वाटतात खरे, परंतु त्यांतला बराचसा वेळ पासपोर्टच्या अर्जात जात नाही, तो अर्जाआधीच्या कागदांत जातो. अर्ज भरणे हे या सगळ्यातले सर्वांत सोपे काम आहे. अडचणी निघतात त्या नावांच्या, आणि त्यांची मुळे बहुधा बाळाच्या जन्माच्याही आधीची असतात.

नागरिकत्व आणि जन्मनोंद

आईवडील दोघेही भारतीय असले की मूल आपोआप भारतीय होते, असा सर्वसाधारण समज आहे. परदेशातील जन्माबाबत तो अपुरा आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या चौथ्या कलमानुसार, ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय नागरिक असले, तरी त्या जन्माची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात झालेली असावी लागते. नोंदणीच्या वेळी आईवडिलांना असेही लेखी जाहीर करावे लागते, की या मुलाजवळ अन्य कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही. वर्ष उलटून गेल्यास केंद्र सरकारच्या परवानगीने नोंद होऊ शकते. मात्र ते प्रकरण दूतावासामार्फत दिल्लीला जाते आणि केव्हा परतेल याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून जन्मनोंद आणि पासपोर्ट ही दोन वेगळी कामे आहेत हे ध्यानात ठेवावे. अमिरातीत नवजात बाळासाठी दोन्ही अर्ज सहसा एकाच वेळी दिले जातात, त्यामुळे अनेक पालकांना पहिल्या कामाची जाणीवही होत नाही आणि पासपोर्ट हाती पडला की सगळे झाले असे वाटते. जन्मनोंदीचे प्रमाणपत्र वेगळे मिळते. ते आपल्याला मिळाले की नाही, हे विचारून घ्यावे आणि पासपोर्टपेक्षाही अधिक जपून ठेवावे. पासपोर्ट पाच वर्षांनी बदलतो. हे प्रमाणपत्र मुलाला जन्मभर लागणार असते.

बाळंतपणाआधी करायची कामे

पहिले काम विवाह प्रमाणपत्राचे. अमिरातीत जन्म प्रमाणपत्र काढताना आईवडिलांचे साक्षांकित विवाह प्रमाणपत्र मागितले जाते. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाने दिलेला दाखला यांचा येथे उपयोग नाही. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतील विवाह निबंधकाने दिलेले प्रमाणपत्रच लागते. महाराष्ट्रात नोंद झालेल्या प्रमाणपत्राचे आधी मुंबईत राज्य शासनाच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, त्यानंतर भारतातील अमिरातीच्या दूतावासाकडून आणि शेवटी अमिरातीत पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाकडून, म्हणजे ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात त्याच्याकडून, साक्षांकन करून घ्यावे लागते. ओमान आणि बहरीन येथे अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार एकाच शिक्क्याने होणारे साक्षांकन, चालते, कारण ते देश त्या कराराचे सदस्य आहेत. दुबईत मात्र ही लांबची वाट चुकत नाही. पत्नीचा व्हिसा पतीच्या नावावर असेल तर हे काम त्या वेळीच झालेले असते. दोघेही आपापल्या कंपनीच्या व्हिसावर असतील, तर ते राहून गेलेले असण्याचा संभव फार, आणि सातव्या महिन्यात मूळ प्रमाणपत्र सांगलीहून मुंबई, दिल्ली करत दुबईला आणवण्याची वेळ येते. तेव्हा गर्भारपणाची बातमी पक्की झाली की प्रथम हा कागद शोधावा.

दुसरे काम आईवडिलांच्या पासपोर्टचे. दोन्ही पासपोर्ट मुदतीत असावेत आणि बाळंतपणानंतर निदान वर्षभर तरी चालावेत. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी उरकावे. त्याच वेळी जोडीदाराचे नाव पासपोर्टवर नसेल तर तेही घालून घ्यावे. दोघांच्या पासपोर्टवर परस्परांची नावे असली की बाळाच्या अर्जात निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव, आणि काही घरांत पाळण्यातले नावही, बदलण्याची रीत आहे. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल आणि व्हिसा, एमिरेट्स आयडी, बँकेचे खाते सर्व त्याच नावावर असेल, तर केवळ बाळाच्या कागदांवर सासरचे नाव यावे म्हणून ऐन गर्भारपणात पासपोर्टवरील नाव बदलू नये. कायद्याला तशी गरज नाही. आईचे नाव तिच्या पासपोर्टवर जसे आहे तसेच बाळाच्या जन्म प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर यावे, एवढीच अपेक्षा असते. मध्येच नाव बदलले तर रुग्णालयाच्या नोंदीत एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असा घोळ होऊन, तीच स्त्री ही आई आहे हे प्रतिज्ञापत्रावर सांगत बसावे लागते.

नाव

बारसे बाराव्या दिवशी करण्याची आपली पद्धत असली, तरी रुग्णालयातील कारकून तितके थांबत नाही. जन्माची सूचना रुग्णालयातून पुढे जाते तेव्हाच बाळाचे नाव विचारले जाते आणि जन्म प्रमाणपत्रावर एकदा छापलेले नाव बदलणे अतिशय कटकटीचे असते. त्यामुळे नाव, आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग, बाळंतपणाला जाण्यापूर्वी कागदावर लिहून तयार ठेवावे. पत्रिकेतले रास नाव, आजोबांनी सुचवलेले नाव आणि आईवडिलांनी ठरवलेले नाव यांपैकी कोणते कागदावर जाणार, याचा निकाल त्याआधीच लावावा. आत्याने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कानात सांगायचे नाव तेच ठेवले तर उत्तम, वेगळे ठेवले तरी बिघडत नाही. सरकारी कागदावरचे मात्र एकच हवे.

खरा पेच नावाच्या रचनेत आहे. मराठी माणसाचे नाव तीन भागांचे असते: स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात, एक नावाचा आणि दुसरा आडनावाचा. समजा, वडिलांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात ‘सचिन दत्तात्रय’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘जाधव’ असे आहे. अमिरातीतील जन्म प्रमाणपत्रावर बाळाच्या नावापुढे वडिलांचे पासपोर्टवरील सबंध नाव जोडण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी दिसते, कारण अरबी नावे तशीच चालतात. मग ‘आरव’चे नाव ‘आरव सचिन दत्तात्रय जाधव’ असे छापून येते. पासपोर्टच्या अर्जात तुम्ही ‘आरव सचिन’ आणि ‘जाधव’ असे लिहिले, तर आजोबांचे नाव कुठे गेले अशी विचारणा होऊ शकते. उपाय दोन: रुग्णालयात जन्म प्रमाणपत्राचा अर्ज भरतानाच नाव कसे छापले जाणार याची लेखी प्रत पाहून हवे ते सांगावे; ते शक्य नसेल तर प्रमाणपत्रावर आले तसेच नाव पासपोर्टलाही लावावे. दिसायला लांब दिसेल, पण सर्वत्र एकसारखे राहील. एकसारखेपणाला सुंदर नावापेक्षा अधिक किंमत आहे, हे पालकांना तेव्हा पटत नाही आणि शाळाप्रवेशाच्या वेळी आपोआप पटते.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये, ही दुसरी सूचना. काही कुटुंबांत, विशेषतः जुन्या पासपोर्टांवर, सगळे नाव पहिल्याच रकान्यात कोंबलेले असते. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने पासपोर्टवर नावाचा एकच शब्द असलेल्या प्रवाशांना भेटीच्या आणि पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश देण्याबाबत निर्बंध घातले. निवासी व्हिसा असणाऱ्यांना त्याची झळ बसत नसली, तरी हे मूल पुढे मोठे होऊन कोणत्या व्हिसावर कोठे जाईल हे आज कोण सांगणार? त्यामुळे दोन्ही रकाने भरलेले असावेत.

जन्म प्रमाणपत्र अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते. अरबीत ‘प’ आणि ‘च’ हे उच्चार नाहीत, त्यामुळे ‘प्राची’ किंवा ‘पाटील’ यांसारखी नावे अरबी मजकुरात निराळी उमटतात. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. इंग्रजी मजकूर मात्र पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. प्रमाणपत्र हाती येताच खिडकीसमोरून न हलता, आईवडिलांचे पासपोर्ट शेजारी उघडे ठेवून, बाळाचे नाव, जन्मतारीख, लिंग, आईचे नाव, वडिलांचे नाव, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक अशा क्रमाने एकेक ओळ वाचावी. सिझेरियननंतर थकलेल्या आईला किंवा रात्रभर जागलेल्या बापाला हे काम देऊ नये. सोबत आलेल्या आजीला किंवा मित्राला द्यावे. तेथल्या तेथे दाखवलेली चूक बहुधा लगेच सुधारून मिळते, घरी गेल्यावर सापडलेली चूक म्हणजे नवा अर्ज आणि नव्या फेऱ्या. यानंतर त्या प्रमाणपत्रावरही मोफाचे साक्षांकन करून घ्यावे. पुढील बहुतेक कामांना ते लागते.

अर्ज, परिशिष्ट आणि फोटो

पासपोर्टचा अर्ज परदेशातील भारतीय दूतावासांसाठी असलेल्या पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. खाते उघडावे, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, अर्जदार हा पर्याय निवडावा, अर्ज पूर्ण करून छापून घ्यावा आणि दूतावासाने नेमलेल्या सेवा केंद्राची वेळ घ्यावी. दुबईत गल्लोगल्ली असलेली टायपिंग सेंटरे हा अर्ज भरून देतात आणि ज्यांना इंग्रजी अर्जाची धास्ती वाटते त्यांनी त्यांची मदत घ्यायला हरकत नाही. मात्र नावाचे दोन रकाने स्वतः तपासल्याशिवाय पाठवण्याचे बटण दाबू देऊ नये. टायपिंग करणारा दिवसभर अशी नावे टंकत असतो आणि तुमचे आडनाव कोणते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

अर्जाबरोबर परिशिष्ट ‘डी’ जोडावे लागते. हे आईवडील दोघांनी सही करून द्यायचे संमतीपत्र आहे. वडील जहाजावर असतील, जसे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कितीतरी घरांत असते, किंवा कामानिमित्त दुसऱ्या देशात असतील, तर त्यांची सही नजीकच्या भारतीय दूतावासात किंवा भारतात असल्यास नोटरीसमोर करून मूळ प्रत आणवावी. स्कॅन केलेल्या सहीवर विसंबू नये. एका पालकाची संमती मिळणेच शक्य नसेल, म्हणजे विभक्त किंवा एकल पालक असेल, तर परिशिष्ट ‘सी’ आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नियम शिथिल झाल्यापासून पासपोर्टवर दोन्ही पालकांची नावे असलीच पाहिजेत असा आग्रह उरलेला नाही, हे एकल मातांनी लक्षात ठेवावे.

फोटो हा या प्रक्रियेतला सर्वांत विनोदी आणि सर्वांत जास्त वेळा परत येणारा भाग आहे. पार्श्वभूमी पांढरी हवी, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, चेहरा समोरून दिसला पाहिजे आणि कोणाचाही हात चौकटीत दिसता कामा नये. तीन आठवड्यांचे मूल यांतली एकही अट स्वखुशीने पाळत नाही. त्याला मांडीवर धरून काढलेला फोटो हमखास नापास होतो. स्वच्छ पांढरी चादर पलंगावर सुरकुत्या न ठेवता ताणून अंथरावी, बाळाला गडद किंवा रंगीत अंगडे घालून त्यावर उताणे निजवावे, टोपडे काढावे, काजळाची तीट पुसावी आणि खिडकीच्या उजेडात वरून सरळ खाली कॅमेरा धरावा. दिव्याखाली फोटो काढला तर मोबाइल धरणाऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडते. वेळ दूध पाजून ढेकर काढल्यानंतरची साधावी. तेव्हा काही क्षण बाळ डोळे टक्क उघडून शांत पडते. फोटोचा आकार आणि पिक्सेलची मापे अलीकडे आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे बदलली आहेत, त्यामुळे जुन्या ओळखीचा स्टुडिओवालाही जुन्याच मापाचा फोटो देऊ शकतो. अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर असलेले माप त्याला दाखवावे.

सहीच्या जागी बाळाचा अंगठा उमटवायचा असतो, मुलाचा डावा आणि मुलीचा उजवा. बाळाच्या वतीने आईने किंवा वडिलांनी तेथे सही करू नये. जागेपणी बाळ मूठ घट्ट आवळते, म्हणून हे काम ते गाढ झोपले असताना करावे: अंगठा हलकेच सोडवून शाईच्या पॅडवर नुसता टेकवावा, आधी कोऱ्या कागदावर ठसा घेऊन जादा शाई उतरवावी आणि मग अर्जावर चौकटीच्या आत, रेषेला न शिवता ठसा द्यावा. अर्जाच्या दोन छापील प्रती जवळ ठेवल्या की पहिली फिसकटली तरी चालते. उरलेली शाई लगेच ओल्या कापसाने पुसावी, कारण तो अंगठा पुढच्या मिनिटाला तोंडात जाणार असतो.

सेवा केंद्रात जाताना जन्म प्रमाणपत्र, दोघांचे पासपोर्ट, निवासी व्हिसाचे आणि एमिरेट्स आयडीचे पुरावे, विवाह प्रमाणपत्र हे सगळे मूळ स्वरूपात आणि छायाप्रतींसह न्यावे. शुल्क आणि सेवा आकार वेळोवेळी बदलतात, ते संकेतस्थळावर पाहावे. तेथील कर्मचारी कागद तपासून घेतो, पासपोर्ट देण्याचा निर्णय मात्र दूतावासाचा असतो; त्यामुळे खिडकीवर वाद घालून काही निष्पन्न होत नाही. काही कमी आहे असे सांगितले, तर नेमके काय ते लिहून मागावे.

पासपोर्ट मिळाल्यावर

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी असतो. तो हाती आला की पुन्हा तीच तपासणी: नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि शेवटच्या पानावरील आईवडिलांची नावे. त्यानंतर लगेच निवासी व्हिसाचा आणि एमिरेट्स आयडीचा अर्ज करावा. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचे गुलाबी स्टिकर चिकटवत असत. २०२२ पासून ते बंद झाले असून एमिरेट्स आयडी हाच निवासाचा पुरावा मानला जातो. विम्याकडेही दुर्लक्ष करू नये. दुबईत नवजात बाळ पहिले तीस दिवस आईच्या विम्याखाली सांभाळले जाते, त्यानंतर त्याचे नाव स्वतंत्रपणे घालावे लागते, आणि हे तीस दिवस पासपोर्टच्या प्रतीक्षेतच संपू शकतात. विमा कंपनीला जन्म प्रमाणपत्र आधीच पाठवून पासपोर्ट नंतर देण्याची सवलत मागावी.

बाळंतपणासाठी आलेल्या आजीच्या व्हिसाची मुदत संपत आली, म्हणून तिच्यासोबतच बाळाला गावी पाठवण्याचे बेत अनेक घरांत शिजतात. पासपोर्ट प्रत्यक्ष हातात येण्यापूर्वी बाळाचे तिकीट काढू नये. भारतात आजारपण किंवा मृत्यू असे खरोखरच अडलेले काम असेल, तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. परंतु ते केवळ भारतात जाण्यापुरते, एकतर्फी असते आणि परत येण्यासाठी भारतात नवा पासपोर्ट व त्यावर अमिरातीत प्रवेशाचा परवाना मिळवावा लागतो. तात्काळ सेवेचा पर्याय त्यापेक्षा पुष्कळदा बरा.

जन्मनोंद न करताच कायमचे भारतात परतण्याची वेळ आली, तर जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या विसाव्या कलमात एक सोय आहे: परदेशात जन्मलेल्या आणि तेथे नोंद न झालेल्या मुलाचे पालक स्थायिक होण्याच्या हेतूने भारतात आले, तर आल्यापासून साठ दिवसांच्या आत येथील निबंधकाकडे नोंद करता येते. ही सोय जन्माच्या दाखल्यापुरती आहे. तिच्यावर विसंबून नागरिकत्वासाठीची एका वर्षाची मुदत हातची घालवू नये.

जे अमिरातीबाहेर आहेत त्यांनी आधी यजमान देशाचा कायदा पाहावा. ब्रिटनमध्ये १९८३ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट १९८६ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर त्यांच्या बाळालाही भारतीय पासपोर्टच काढावा लागतो आणि वर सांगितलेले बरेचसे तेथेही लागू पडते. कॅनडात मात्र बाळ जन्मतःच कॅनडाचे नागरिक असते. त्याचा कॅनडाचा पासपोर्ट काढला की भारतीय दूतावासात जन्मनोंद करता येत नाही, मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, मार्ग उरतो. पासपोर्ट न काढता भारतीय म्हणून नोंद केली, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत मुलाला दुसरे नागरिकत्व सोडावे लागते, अन्यथा भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. दोन्ही पासपोर्ट बाळगणे भारतीय कायद्याला मान्य नाही, आणि दोन्ही काढून ठेवा, कोण पाहतो, असे सांगणाऱ्या हितचिंतकाचे ऐकू नये.

पहिल्या पासपोर्टची पाच वर्षे संपण्याआधी सहा महिने नूतनीकरणाला लागावे, कारण मुदत त्याहून कमी उरली की बरेच देश प्रवेश देत नाहीत. त्या वेळी मुलाचा चेहरा पूर्ण बदललेला असतो, परिशिष्ट ‘डी’ पुन्हा लागते, आणि जन्म प्रमाणपत्र व दूतावासातील नोंदीचे प्रमाणपत्र पुन्हा मागितले जाऊ शकते. नूतनीकरणानंतर रद्द झालेला जुना पासपोर्ट परत मिळतो. त्यावरच्या क्रमांकाचा उल्लेख पुढील अर्जांत येत राहतो, तेव्हा तोही त्याच फाइलमध्ये ठेवावा.